दुसऱ्याच्या घरचं गाऱ्हाणं

मुलानं कुडाळात भाड्याची जागा बघितली, तेव्हा ऑफिस लांब पडतं म्हणाला. मी विश्वास ठेवला. सुनेची फूस असणार असं मनात आलं, पण बोलले नाही. म्हणजे, दोन-चारदाच बोलले. मी काही कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

त्या सोमवारी दोघं सकाळीच वेंगुर्ल्याच्या बाजारात जातो सांगून बाहेर पडली आणि घरात एकटीला करमेना म्हणून रोज संध्याकाळी देवळात जाणारी मी सकाळीच गेले. आत गाऱ्हाणं चाललं होतं. आमच्याकडे आपलं दुःख देवाला आपण सांगत नाही. नारळ ठेवायचा, मग गावचा मानकरी ते सगळ्यांदेखत देवाच्या कानावर घालतो आणि जमलेल्यांनी त्याला “व्हय म्हाराजा” म्हणायचं. त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. पुढे पुरुष उभे होते, त्यामुळे नारळ कुणाचा ते दिसेना. पण दुसऱ्याच्या घरचं गाऱ्हाणं ऐकायला दिसायला कशाला हवं? मी शेजारणीला खेटून उभी राहिले आणि कान टवकारले.

“बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या घरात जुन्या माणसाच्या तोंडाचो तरास आसा. सुनेन केलेला जेवाण गोड लागणा नाय, तिच्या म्हायाराक नावा ठेवल्याशिवाय दीस मावळणा नाय.”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांबरोबर मीही दणकून म्हटलं.

नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय! त्या पोरीचं मला खरंच वाईट वाटलं. शेजारणीच्या कानाशी लागले, “अशी सासू वैऱ्याकसुद्धा मिळू नये गो.”

ती हसली नाही. एरवी अशा गोष्टीत ती माझ्या दोन पावलं पुढे असते. आज नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“त्या तरासाक कंटाळान ही दोघांय घर सोडून जातत, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

तेवढ्यात पुढचा एकजण बाजूला सरकला आणि मला मुलाचा निळा शर्ट दिसला. त्याचं वरचं बटण सकाळी मीच लावून दिलं होतं, ‘तुझ्या बायकोला एवढंही जमत नाही’ असं म्हणत. त्याच्या बाजूला सून उभी होती. हात जोडलेले, डोळे मिटलेले, गाल ओले.

मी खांब धरला. मी? ती सासू मी? मी तोंडानं फटकळ पण मनानं निर्मळ, असं मीच सगळ्यांना सांगत आले होते. दुसऱ्या कुणी ते म्हटल्याचं त्या क्षणी एकदाही आठवेना. शेजारणीला ठाऊक होतं. देवळातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं, एक मला सोडून.

मानकऱ्याची नजर माझ्यावर पडली आणि तो अडखळला. मुलानं वळून बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मानकऱ्यानं पुन्हा देवाकडे तोंड केलं आणि हळू आवाजात उरलेलं सांगून टाकलं.

“त्या माणसाक बरी बुद्धी दी, ह्या घर मोडूक देऊ नको रे म्हाराजा.”

कुणीच तोंड उघडेना. शेजारीण जमिनीकडे बघत होती, मुलगा माझ्याकडे. सुनेचे डोळे अजून मिटलेलेच होते. तिला मागं काय झालं ते माहीत नव्हतं, ती नुसती थांबली होती.

मी खांब सोडला आणि म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

माझा एकटीचा आवाज ऐकून सुनेनं डोळे उघडले.