हाकेनंतरची जागा

काशीबाय मेलेल्या माणसाला हाक मारायची आणि तो येईपर्यंत गप्प बसायची. आमच्याकडे आगरी लग्नात धवले गाणारी बाई, म्हणजे धवलारीण, देवांना बोलावून झालं की त्या घरातल्या गेलेल्या माणसांनाही नाव घेऊन हळदीला बोलावते. बाकीच्या बायका ही नावं भराभर उरकायच्या. काशीबाय मात्र प्रत्येक नावानंतर थांबायची, मांडवाच्या तोंडाशी बघायची, मान हलवायची आणि मगच पुढचं नाव घ्यायची. लहानपणी मी त्या वेळी आईच्या पदरात तोंड लपवत असे.

आमंत्रणाच्या बाबतीत बाई भलतीच मानी. शेजारी लग्न असलं आणि बोलवायला कुणी दारात आलं नाही, तर ही दार लावून आत बसायची. समजूत काढायला जावं तर उत्तर ठरलेलं, "बिनबोलावता मी देवलात पन नाय जात."

नागावात आमच्या घराच्या मागच्या खोलीत माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे भिंतींना जुन्या गोधड्या, एक माइक आणि एक कॉम्प्युटर. होमस्टेवाल्यांच्या जाहिराती आणि हौशी गायकांची गाणी यांवर माझं बरं चालतं. कसलाही आवाज आणा, मी चकाचक करून देतो. काशीबायची नात दीपाली तिला हाताला धरून घेऊन आली तेव्हा म्हातारी ओट्यावर चढतानाच धापा टाकत होती. दीपाली म्हणाली, "दादा, लग्नापर्यंत हिचा दम पुरेल असं वाटत नाही. माझ्या हळदीला तिचाच आवाज पायजे." तिच्यामागे गावात धवले गाणारं कुणी उरलं नव्हतं.

काशीबाय डोळे मिटून गायली. मग मी माझी नेहमीची कामं केली. श्वास कापले, हललेले सूर सरळ केले, दबलेला आवाज वर उचलला, शेवटी थोडी गुंज चढवली आणि मोठ्या तोऱ्यात तिला ऐकवलं.

"यो कोनाचा आवाज हाय?"

"तुझाच, आजी. जरा धुऊन घेतला."

"मेलेल्या मानसाला धुतान. मी जिती हाय अजून."

मी हसलो. ती हसली नाही. नावांपाशी आल्यावर तर तिनं हातच वर केला. "मदली जागा कुटं गेली?"

"रिकामी होती, म्हणून काढली."

"रिकामी नव्हती ती. हाक मारली का मानूस लगेच येते का? त्याला येवाला येल लागते. तू त्याच्या तोंडावर दार लावलंस."

मी निमूटपणे श्वासही परत घातले आणि जागाही. त्या जागांमधली खरखर तेवढी काढावी म्हणून हेडफोन लावून आवाज वाढवला. वाडीतल्या झावळ्यांची सळसळ होती, लांबून समुद्र होता. आणि तिच्या नवऱ्याच्या नावानंतर, अगदी जवळ, कुणीतरी पाटावर बसावं तसा लाकडाचा आवाज होता. खोलीत पाट नव्हता. गाणं चालू असताना दीपालीही बाहेर ओट्यावर होती. जुनं दार करकरलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. एका क्लिकमध्ये तो आवाज पुसता आला असता. मी तो पुसला नाही. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो.

निघता निघता काशीबायच म्हणाली, "आजून एक नाव ऱ्हायलं. चालू कर तुजी मशीन." मी चालू केली. तिनं सासरचं पूर्ण नाव घेऊन स्वतःलाच हळदीला बोलावलं आणि थांबली. ही जागा सगळ्यांत लांब होती.

मी रेकॉर्डिंग थांबवलं. "आजी, हे कशाला आत्ता?"

"मंग कोन बोलवल मना? माजे मागं गानारी नाय कुनी. नातीच्या हलदीला मी काय बिनबोलावता येऊ?"

लग्नाआधीच ती गेली.

हळदीच्या संध्याकाळी मी डीजेवाल्याला बाजूला सारून माझा लॅपटॉप लावला. काशीबायचा आवाज मांडवभर झाला, धापेसकट. पहिल्या नावानंतर ती थांबली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "अटाकलं काय रं?" दुसऱ्या नावाला कुणी ओरडलं नाही. नवऱ्याच्या नावानंतरचा तो लाकडाचा आवाज स्पीकरमधून आला आणि पुढं बसलेल्या म्हाताऱ्या बायकांनी पदर डोक्यावर घेतले.

मग तिनं स्वतःचं नाव घेतलं. मी स्क्रीनवर त्या जागेची सरळ, बिनआवाजाची रेघ पुढं सरकताना बघत होतो. मांडवाच्या तोंडाशी बघायची माझी हिंमत नव्हती.

दीपालीनं बघितलं. हळदीनं माखलेली ती पोर चटईवर जरा सरकली, शेजारी एका माणसापुरती जागा केली आणि हळूच म्हणाली, "आयलीस? बस."