कोरड्या विहिरीची शपथ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मठातल्या स्वामींना नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. दुकान आता मुलगा बघतो, मला बसून विचार करायला वेळच वेळ आहे – आणि विचार फिरून फिरून तिथंच येतो.

लातूर जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. मुरुडजवळच्या आमच्या गावात माझं किराणा दुकान होतं. जिल्हा झाला म्हणजे रस्ते होणार, कचेऱ्या होणार – मी हवेतच होतो. लातूरच्या वाटेवरच्या एका फाट्यावर माळरान घेतलं. तिथं नवी पेठ वसवायची, पहिलं दुकान आपलं. पण एकटं दुकान काय, दगडांना साखर विकणार? माणसं हवी होती. गावातली सात घरं मी तयार केली.

दुष्काळ होताच. गावातला आड तळाला गेला होता. म्हणून सगळे एकच विचारायचे – तिकडं पाणी आहे का?

सगळ्यात नेटानं विचारलं महादेवीनं. माझा दोस्त बसप्पा, त्याची बायको. मोठी हसरी बाई. दुकानात आली की तोलायच्या आधी गुळाचा खडा तोंडात टाकायची आणि वर मलाच म्हणायची, "खारट हाय, आण्णा." त्या दिवशी मात्र हसली नाही. "माझी दोन लेकरं हायत. पाणी हाय का न्हाई, तेवढं खरं सांगा."

आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग रोज डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतो. ते हातात असताना माणूस खोटं बोलेल, हे आमच्यात कुणाच्या मनातही येत नाही. मी लिंग काढलं, तळहातावर ठेवलं. म्हणालो, "विहिरीला पाणी लागलंय. मी पिऊन आलोय."

विहीर होती – चाळीस फूट, कोरडी ठणठणीत. खोदणाऱ्या वडारांनी सांगितलं होतं, "खाली काळा पाषाण हाय, मालक. न्हाई लागायचं." त्यांना मी आधीच वाटेला लावलं होतं, कुणाशी बोलू नयेत म्हणून. बघा, किती हिशेबी होतो.

बैलगाड्यांतून सात घरं आली. विहिरीत वाकून बघितलं. मी म्हणालो – आटली. त्या साली सगळीकडचंच आटत होतं. कुणी शंका घेतली नाही. एक-दोघी कुरकुरल्या, तर महादेवीच त्यांच्यावर कडाडली, "आण्णानं लिंग हातात घेऊन सांगितलंय. पाणी होतं. आपलंच नशीब आटलं."

हे मी दुकानात बसून ऐकलं. तेव्हा तरी उठायला हवं होतं ना? नाही उठलो. शेंगदाणे निवडत राहिलो.

पाणी दोन कोसांवर, एका पडक्या बारवेत. महादेवी रोज दोन खेपा करायची. एका दुपारी बारवेची पायरी निसटली आणि ती खाली दगडांवर पडली. आणली तेव्हा संपली होती. घागरीच्या दोरीत बोटं तशीच अडकलेली.

आमच्यात मेलेल्या माणसाला बसवून समाधी देतात. खड्ड्यात उतरून तिला नीट बसवायला दोघं लागत होते. एक बसप्पा, दुसरा मी. भस्म लावलं. मग तिचं लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवायचं होतं. बसप्पानं ते माझ्यापुढं धरलं. म्हणाला, "तुम्ही ठेवा, आण्णा. तुमच्यावर तिचा लई भरवसा होता."

मी ठेवलं. तिची बोटं त्यावर मिटवली.

पेठ पुढे वाढली. नळ आले. आज तिथं एसटी थांबते, आणि दरवर्षी पेठ वसली त्या दिवशी मला शाल घालतात. मी घेतो. एकदाही नको म्हणालो नाही.

बसप्पा अजून आहे, माझ्यासारखाच म्हातारा. रोज दुकानाच्या पायरीवर येऊन बसतो. परवा त्याची नवी नातसून त्या विहिरीत डोकावली. तो तिला म्हणाला, "इथं आधी पाणी होतं बरं का, पोरी. आण्णांनी पिलंय." आणि त्यानं माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली – हो म्हणून.

तिथं पाणी कधीच नव्हतं.