ओंजळभर तांदळाची लेक

माझी लेक मी ओंजळभर तांदळाला विकली, असं सांगितलं की लोक आधी हसतात. मग माझ्या तोंडाकडे बघतात आणि हसू आवरतं घेतात. मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंना तर मी हे सांगायलाच नको होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला समुपदेशकाचा नंबर आणून दिला. आता मला त्याची गरज नाही. गरज होती तेव्हा कुणी नंबर दिला नाही. तांदूळ पाखडायचं नवंकोरं सूप आणलं.

माझं माहेर कर्जतला भिसेगावात, सासर खालापूरजवळ कुंभिवलीला. घर हायवेपासून हाकेच्या अंतरावर. थोरल्या जावेची आणि दिरांची रस्त्याला चहा-वड्याची टपरी आहे. माझा नवरा साजगावच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. जावेला मी ताई म्हणते. तिला दोन मुलगे, लेक नाही. हे मी आताच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून लोक लगेच म्हणतात, बघ, तिचा आधीपासून डोळा असणार. तसं काही नव्हतं. वाईट माणूस कुणी असतं तर मला हे सोसायला सोपं गेलं असतं.

पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं. लेक झाली, बर्फी वाटली, सगळं नीट होतं. मला मात्र झोप येईना. बाळ झोपलं तरी येईना. तिच्याकडे बघून मला काहीच वाटायचं नाही आणि वाटत नाही याची भीती वाटायची. मग विळीची भीती सुरू झाली. आई खोलीच्या दारात बसून भाजी चिरायची आणि मला वाटायचं, माझे हात केव्हा काय करतील त्याचा नेम नाही. आईला म्हटलं, ती विळी उचल इथून. तिनं उचलली, का ते विचारलं नाही. शेजारणी यायच्या, ओव्याच्या धुरीत डोळे चोळायच्या आणि मलाच सांगायच्या, रडू नकोस गं, दूध आटेल. एकीच्या मते हा बाळंतवात होता, दुसरीच्या मते शिकलेल्या पोरींची थेरं. बी.एड.ला मी बालमानसशास्त्राचा पेपर दिला होता, मार्कही चांगले पडले होते. त्यात मूल होतं, शिक्षक होता, पालकही होते. आई होती, पण तिला काही होत नव्हतं.

सव्वा महिना झाला आणि मला वाजतगाजत सासरी पोचवलं.

तिथे आठवडाभर मी तोंड दाबून काढला. एका दुपारी ताई चुलीपाशी टपरीसाठी बटाटे सोलत होती. मी बाळ घेऊन तिच्यापुढे गेले आणि म्हटलं, "ताई, हिला माझ्याजवळ ठेवू नका. मला माझ्या हातांचा भरवसा वाटत नाही."

तिनं हात पदराला पुसले, बाळ घेतलं. मला बस म्हणाली नाही, वेडी आहेस म्हणाली नाही. बाळ खांद्यावर टाकून उरलेले बटाटे एका हाताने सोलत राहिली. त्या घरात मला लागलेली पहिली गार झुळूक तीच.

ताईनं ते सासूबाईंच्या कानावर घातलं. घालायलाच हवं होतं. सासूबाईंनी आकांत केला नाही. त्यांची पाठोपाठची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसरे माझे दीर. त्यांना जन्मल्याबरोबर सुपात घालून शेजारणीला विकलं होतं, आणि वर्षाचे झाल्यावर परत विकत घेतलं होतं. मूल आपलं राहिलं नाही की त्याच्यावरची नजर फसते, असा तो हिशोब. दीर जगले. आज त्यांचं पोट टपरीच्या फळीवर टेकतं एवढे धडधाकट आहेत. आता एवढा धडधडीत पुरावा रोज घरात जेवायला बसत असताना सासूबाईंनी आणखी कुणाला विचारायला कशाला जायचं? त्यांनी ठरवलं, आईचं आणि पोरीचं जुळत नाही. पोर विकायची.

सकाळी उंबऱ्यावर नवं सूप ठेवलं, त्यात मूठभर तांदूळ पसरून वर माझी लेक. मी आत, ताई बाहेर. ताईनं विचारायचं, विकतेस का, आणि मी म्हणायचं, विकली. असं तीनदा. मग ताईनं ओंजळभर तांदूळ माझ्या पदरात घातले आणि सूप उचललं. सासूबाईंनी नियम सांगितले. वर्षाची होईस्तोवर ही ताईची. मी तिला हात लावायचा नाही, माझी म्हणायचं नाही. पदरातले तांदूळ फडक्यात बांधून ठेवायचे. ते शिजवले तर विकलेलं मूल परत येत नाही.

खरं सांगते, माझी सुटका झाली. पाळणा ताईच्या खोलीत गेला, पोरीला वरचं दूध सुरू झालं आणि त्या दुपारी मी झोपले. गाढ झोपले. उठले तर घरातल्या सगळ्यांचे चेहरे उजळलेले. बघा, गुण आला. त्या एका झोपेनं माझा घात केला. गुण आला म्हटल्यावर डॉक्टरचं नाव कोण काढणार? मी जेवायची, भांडी घासायची, विचारलं तर बोलायची. मी मेले होते ते कुणाला दिसलं नाही, कारण कामं वेळेवर होत होती.

दिसलं ते ताईलाच. टपरीवर मदतीला गेले की मी हायवेच्या अगदी कडेला जाऊन उभी राहायची आणि येणारे ट्रक बघायची. एकदा गिऱ्हाईक ताटकळत ठेवून ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. माझं मनगट धरलं. "कुटं बगतेस गं अशी?" एवढंच तिनं विचारलं. दुसऱ्या दिवशी तिनं टपरी बंद ठेवली. हायवेवरची टपरी बंद ठेवणं म्हणजे काय, ते टपरीवाल्यालाच ठाऊक. मला रिक्षात घालून ती खोपोलीला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. लेक तिच्या मांडीवर होती.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं. सुपाचंही ऐकलं, हसले नाहीत. म्हणाले, हा आजार आहे, बऱ्याच बायकांना होतो आणि गोळ्यांनी बरा होतो. मग ताईकडे वळून म्हणाले, "रोज थोडा वेळ बाळ हिच्या कुशीत द्या. तुम्ही शेजारी बसा, पण द्या. बाळाला ही कळली पाहिजे."

पहिली गोष्ट आमच्या घरानं मुकाट ऐकली. गोळ्यांना कुणी नाही म्हटलं नाही. दुसऱ्या गोष्टीपाशी सगळे अडले. सासूबाई म्हणाल्या, औषध घे, पण वर्ष भरायच्या आत पोरीला शिवू नको, मोडलं तर भोगावं लागेल. माझा नवरा कधी नाही तो तावातावानं बोलला. तेव्हा सासूबाईंनी त्याला एकच विचारलं, "आनि तिला काय झालं, तर तू देशील का रं आनून?" तो कामाला निघून गेला. ताईनं पोरीला छातीशी घट्ट धरलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. हे सगळं थोतांड आहे, हे मला कळत होतं. तरी पुढे केलेला हात मी मागे घेतला. लेकीच्या जिवावर प्रयोग कोणती आई करेल?

मी गोळ्यांनी हळूहळू माणसांत आले. आधी जिभेला चव आली, मग धड झोप, मग राग. राग आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, छान आहे. आणि एका सकाळी पलीकडच्या खोलीत लेक खुदकन हसली आणि माझा ऊर भरून आला. तोवर दूध कधीच आटून गेलं होतं.

तिथून पुढचे महिने कसे गेले, ते मला कुणाला समजावता येत नाही. आजारी होते तेव्हा मला ती नको होती आणि ती लांब होती. त्यात निदान मेळ होता. आता मला ती हवी होती आणि ती चार हातांवर होती. ताई तिला मऊभात भरवायची, मी दारातून बघायची. ती पडवीत रांगत माझ्या पायापर्यंत यायची आणि मी पाय काढून घ्यायची. पाय काढून घेतला की ती वर बघायची. पुढे पुढे तिनं यायचं सोडलं. ताईचे मुलगे दिवसभर आईऽ आईऽ करून घर डोक्यावर घ्यायचे. त्यांचं ऐकून ती बोलायला शिकली. तिचा पहिला शब्द आई. मी घरातच होते. ती ताईकडे बघून म्हणाली.

वाढदिवसाला परत उंबरा. फडकं सोडलं तर तांदळात सोंडे झालेले. निवडायची पद्धत नाही, तसेच ताईच्या पदरात घातले. सुपात तर लेक मावतच नव्हती. तीन वेळा विचारायचं, तीन वेळा सांगायचं, सगळं झालं आणि मी तिला उचललं. दहा-साडेदहा महिन्यांनंतर. ती धनुकलीसारखी मागे वाकली आणि अशी ओरडली की रस्त्यावरची माणसं थबकली. दोन्ही हात ताईकडे. ताईनं पाठ फिरवली, भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "ने गं. तुझीच हाय." आवाज तिचा नव्हताच.

लेकीला माझी सवय व्हावी म्हणून आम्ही भिसेगावात खोली घेतली. ताई मुद्दाम आली नाही. पोर मला विसरली पायजे, असं तिनं माझ्या नवऱ्याकरवी कळवलं. लेक तापली, जेवेना, दाराकडे तोंड करून बसायची. पुढे निवळली. मुलं निवळतात. ती मला मम्मी म्हणू लागली, शाळेत जाऊ लागली. गुणी आहे. कधी हट्ट करत नाही, काही मागत नाही, ताटात वाढलेलं सगळं संपवते. शाळेतल्या बाई म्हणतात, काय वळण लावलंय हो. मला मात्र वळण नको आहे. ताईची मुलं आपल्या आईशी घालतात तसा धिंगाणा मला हवा आहे. तिनं माझ्यावर चिडावं, पाय आपटावेत. ती पाहुण्यांच्या घरी वागावं तशी माझ्या घरी वागते.

या दिवाळीत कुंभिवलीला गेलो होतो. आता जाणं-येणं आहे. तिथे ती तोंडाला येईल ते बोलते, ताईच्या पाठीवर चढते, भात नको म्हणून ताट लोटते. ताई तिला धपाटा घालते आणि ती खदखदा हसते. यंदा पुतण्यांनी तिला सुपाची गोष्ट रंगवून सांगितली होती. तुला विकली होती, ओंजळभर तांदळाला. चिडवायला सांगितली असणार, पण ती चिडली नाही. मला येऊन नीट विचारलं, कुणी दिले तांदूळ, कुणाला दिले. मी सांगितलं, ते शिजवायचे नसतात हेही सांगितलं.

निघायच्या वेळी नवरा मोटारसायकलवर बसून हॉर्न वाजवत होता आणि लेक सापडेना. मग ती आतून आली, ओंजळ छातीशी धरून, हळूहळू. बोटांच्या फटींतून तांदूळ सांडत होते. ताईच्या डब्यातून काढले होते. ती माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, ओढणी धर."

मी धरली. दुसरं काय करणार होते?

तिनं तांदूळ ओढणीत घातले, हात झटकले. "आता मी आईची. तू जा."

तिच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. दुकानदाराला पैसे दिल्यावर आपण पिशवी उचलतो, तशी ती वळली आणि ताईचा पदर धरला. ताईनं तो सोडवून घेतला. खाली बसून जमिनीवरचा एकेक दाणा वेचत राहिली, वर बघेना. मग खालूनच तिनं लेकीला असं खडसावलं, की तसं तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "मी इकत नाय घेतली तुला. जा आईसंगं." लेकीला आईसंगं म्हणजे कुणासंगं तेच कळेना. शेवटी नवऱ्यानं उचलून गाडीवर बसवली. खोपोली गेली, पळसदरी गेली, ती माझ्या अंगाला टेकली नाही की बोलली नाही.

घरी आल्यावर ती पाणी प्यायली आणि तिनं माझ्या ओढणीच्या गाठीला बोट लावलं. विचारलं, हे शिजवणार नाहीस ना? मी नाही म्हटलं. तिच्यासमोर तांदूळ एका छोट्या डब्यात भरले. डबा तिच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवला.

तेव्हापासून ती बदलली आहे. शाळेतून आली की आधी डबा उघडून बघते आणि मग माझ्याशी बोलते, खूप बोलते. परवा अंगावर रेलून केस विंचरून घेतले. काल पहिल्यांदा भाजी नको म्हणून ताट लोटलं. ती ताईची आहे आणि इथे नुसती राहायला आली आहे, हे एकदा तिच्या मनात पक्कं झाल्यावर तिला माझी भीती उरली नाही. डबा फेकून दिला तर ती परत गुणी होईल, हे मला माहीत आहे.

सोंडे होऊ नयेत म्हणून आज मी ते तांदूळ उन्हात घातले आणि डब्यात कडुनिंबाचा पाला ठेवला.