छोटे डॉक्टर आणि मी

"अ‍ॅप्रन काढ," सर म्हणाले. "आधी तो अ‍ॅप्रन काढ."

ओपीडी भरलेली. बाकांवर माणसं, दारात माणसं. मी एका सिंधी आजींचं बीपी बघत होते. पट्टा त्यांच्या दंडाला तसाच. मला वाटलं, कसला डाग पडलाय. खाली बघितलं. डाग नव्हता.

"डॉक्टर समजतेस का स्वतःला? पेशंटची दिशाभूल होते."

काढला. सगळ्यांसमोर. एक हात बाहीत अडकला. कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.

सरांच्या शेजारी त्यांचा पुतण्या उभा होता. अंगात तसाच अ‍ॅप्रन. खिशावर निळ्या दोऱ्याने नाव भरलेलं, नावाआधी डॉक्टर.

तो जॉर्जियात शिकला, मी किर्गिझस्तानात. बाहेरून डॉक्टरी शिकून आलेल्यांना इथे एक परीक्षा द्यावी लागते. ती पास झाल्याशिवाय मेडिकल कौन्सिलची नोंदणी नाही. नोंदणीशिवाय पेशंट तपासायचा हक्क नाही. मी त्या परीक्षेत नापास. तोही नापास. पण हॉस्पिटलात सगळे त्याला छोटे डॉक्टर म्हणायचे. मला 'ए रशिया'. सर नसले की पेशंट मात्र आम्ही दोघंही तपासायचो.

हॉस्पिटल सरांचं स्वतःचं, उल्हासनगरात, कॅम्प पाचला. मी अंबरनाथची. बाबा एमआयडीसीत केमिकल कंपनीत होते. कंपनी सुटली तेव्हाचा फंड माझ्या शिक्षणात गेला.

मदतनीस म्हणून कामावर घेताना सरांनी आडनाव विचारलं होतं. ऐकून खुर्चीत मागे रेलले. "तुम्हा लोकांना इथेच कोट्यातून सीट मिळते ना? तरी बाहेर जावं लागलं?"

सरकारी सीट थोडक्यात हुकली होती. खासगीची फी आमच्या आवाक्यात नव्हती. मी सांगायला तोंड उघडलं. ते पुतण्याकडे बघत होते. "आमचा पण बाहेरच होता. एक्सपोजर मिळतं."

मी तोंड मिटलं. तेव्हापासून मिटलेलंच होतं.

सिस्टर लोक जेवायला एकत्र बसायच्या. मी गेले की गप्प व्हायच्या. त्यांना मी डॉक्टरांतली वाटायचे. डॉक्टरांना मी कोणीच वाटायचे नाही. मग मी गच्चीच्या जिन्यात डबा उघडायचे. सहा वर्षं परक्या देशात, बर्फात काढली. तिथे एवढं एकटं वाटलं नव्हतं. तिथे निदान परत जायला घर होतं.

घरी वेगळंच. चाळीतल्या बायका हाक मारायच्या, "डॉक्टरीणबाई, गुडघ्यावर काहीतरी लिहून द्या." हो म्हणावं तर खोटं. नाही म्हणावं तर आईचा चेहरा उतरायचा. हळूहळू मी मागच्या गल्लीने यायला लागले.

अ‍ॅप्रन काढायला लावला, त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी सर लोणावळ्याला गेले होते. एका कामगाराला त्याच्या भावाने रिक्षातून आणलं. एमआयडीसीत काम करताना कसलासा वायू छातीत गेलेला. ओठ निळे पडत होते. पुतण्या जागचा हलेना. "तू बघ ना, यार," मला म्हणाला. घाबरला होता. मीही घाबरले होते. सिस्टरने आणि मी मिळून ऑक्सिजन लावला आणि सरांना फोन केला.

"केस सोडू नका," सर म्हणाले. "अ‍ॅडमिट करा. तू अ‍ॅप्रन घाल आणि बघ. पेपर माझ्या नावाने लिही, मी येऊन सही करतो."

"सर, इथे आयसीयू नाही. तुम्हीही नाही."

"सांगतोय तेवढं कर."

मी फोन ठेवला. हा माणूस मला हवं तेव्हा डॉक्टर करतो आणि हवं तेव्हा कोणीच नाही. हे मला आधीही कळत होतं. त्या दिवशी सहन झालं नाही.

मी कामगाराच्या भावाकडे वळले. "भैया, अभी यहाँ डॉक्टर नहीं है. मैं डॉक्टर नहीं हूँ. ये भी नहीं हैं. इनको बड़े अस्पताल ले जाना पड़ेगा, अभी."

बाकावरची माणसं बघायला लागली. पुतण्याने आपल्या खिशावर हात ठेवला.

अँब्युलन्समध्ये मी सोबत बसले. सरकारी हॉस्पिटलात त्याला लगेच आत घेतलं. तो वाचला. त्यांनी वाचवला, मी नाही.

सोमवारी सरांनी मला दारातच थांबवलं. "या पट्ट्यात तुला कोणी उभं करणार नाही. मी बघतो." घरी आई म्हणाली, "गप्प राहिली असतीस तर काय बिघडलं असतं?" बाबा उठून बाहेर गेले, शिवमंदिराकडे. बराच वेळ आले नाहीत.

मी कौन्सिलकडे तक्रार केली. सरांच्या हॉस्पिटलात नोंदणी नसताना कोण पेशंट तपासतं, ते लिहिलं. त्यात पुतण्याचं नाव घातलं. माझंही घातलं.

मग पुतण्याचा फोन आला. आवाज अगदी गोड. "तक्रार मागे घे. काका अनुभवाचं सर्टिफिकेट देतील. आपण दोघं एकाच बोटीत आहोत ना."

"एकाच परीक्षेत आहोत," मी म्हटलं. "बोट तुझ्या काकांची आहे." आणि फोन कापला.

परीक्षा अवघड आहे, याबद्दल माझं भांडण नाही. असावी. माणसाच्या जिवाशी गाठ आहे. पण ती मला जशी आडवी येते, तशी त्यालाही आली पाहिजे. काका असो की नसो. आडनाव काहीही असो.

मी डॉक्टर नाही हे कळल्यापासून चाळीत मला कोणी हाक मारत नाही. मी समोरच्या गल्लीने येते-जाते. सकाळी वाचनालय उघडलं की जाऊन बसते. पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय. नापास झाले तर पुन्हा भरेन. तक्रार मागे घेणार नाही. चौकशीला बोलावलं की जाणार, आणि तिथे मी काय काय केलं, तेही मीच सांगणार.