बूट असलेली फळी

माझ्या धाकट्या बहिणीने चाळिशी उलटल्यावर काइटबोर्डिंग शिकायला घेतलं. मोठा पतंग वाऱ्यावर सोडायचा, त्याच्या ओढीने पायाखालच्या फळीवरून पाणी कापत जायचं. घरात सगळे हसले. मी नाही हसले. काशीदच्या किनाऱ्यावर आम्ही दोघी वाढलो, आणि पोहण्यात ती माझ्याहून कितीतरी सरस.

सुरुवातीला तिला लांब, रुंद फळी मिळाली. तिच्यावर पायांना नुसते पट्टे. तोल गेला की पाय आपोआप सुटायचा. ती अजून धड उभीही राहत नव्हती. अशात एका दुपारी वर्ग चालवणाऱ्याने तिच्यापुढे दुसरीच फळी ठेवली. आखूड, कडक, आणि पट्ट्यांच्या जागी घोट्यापर्यंत आवळायचे बूट.

मी शेजारीच उभी होते. "ही तर मुरलेल्या लोकांची फळी ना?"

"मॅडम, आज व्हिडिओ काढायला ड्रोनवाला आलाय. त्या मोठ्या फळीवर माणूस शिकाऊ दिसतो."

"ती शिकाऊच आहे!"

"दोन मिनिटांचं काम. काय होतंय?"

बहीण हळूच म्हणाली, "ताई, राहू दे ना. करते मी."

वारा भरात होता. ती उठली, क्षणभर उभीही राहिली. मग फळीची कड पाण्यात रुतली. पतंगाने अंग एकीकडे खेचलं, पाय मात्र बुटातच अडकून राहिला. तिची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. तिनेच कसाबसा पतंग सोडवला. मी आणि दोन मच्छीमारांनी तिला उचलून वाळूवर आणलं, तर हा बाबा ओरडतोय, "अरे, फळी पकडा कुणीतरी, वाहून जाईल!"

गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. अलिबागला ऑपरेशन झालं. ती खाटेवर पडून असतानाच वर्गाची नवी जाहिरात माझ्या मोबाइलवर आली. त्यात माझी बहीण! उभी राहिलेली, हसरी. व्हिडिओ किंकाळीच्या आधी बरोब्बर कापलेला.

मी तशीच त्या वर्गवाल्याच्या किनाऱ्यावरच्या झोपडीवर गेले. म्हटलं, "आत्ता काढ हे. माझ्यासमोर."

"समुद्र आहे मॅडम, होतं असं. आणि व्हिडिओत किती छान दिसतायत त्या."

त्यानंतर मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पर्यटक उठून उभे राहिले. व्हिडिओ निघाला. माफी मात्र त्याच्या तोंडून निघाली नाही. बाहेर एक कॉलेजची मुलगी नाव घालायला थांबली होती. तिला मी सगळं सांगितलं, तशी ती परत गेली.

बहीण आता जिने चढते. परवा म्हणाली, मुरूडकडे एक बाई शिकवतात, तिथे जाणार. माझा पारा पुन्हा चढला. तिच्यावरही ओरडले. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं बोलून? मी जाणार. पण फळी माझी मी निवडणार."

मी रागातच भाकऱ्या थापत बसले.