नमुना, मिळाला तसा

आमच्या लॅबमध्ये एक थंड खोली आहे. तपासून झालेल्या प्रत्येक मालाचा थोडा भाग सीलबंद करून तिथे ठेवायचा असतो, पुढेमागे कुणी भांडायला आलं तर दाखवता यावा म्हणून. मुदत संपली की तो फेकून देतात. किश्शांना मुदत नसते, त्यामुळे ते साठतच जातात. लॅबमध्ये ठेवायला जागा नाही, म्हणून मी ते घरी घेऊन येते.

मी गुरुग्रामला एका खासगी लॅबमध्ये केमिस्ट आहे. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या पावडरी, कॅप्सूल, गमीज, काढे, असं सगळं आमच्याकडे तपासायला येतं. राहायला दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात, कारण माझा नवरा विनय केंद्र सरकारच्या नोकरीत आहे आणि क्वार्टर त्याच्या नावावर आहे. माझ्या किश्शांचं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे माझ्या सासूबाई. यवतमाळकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं त्यांनी. त्यामुळे कुठलाही किस्सा संपला की चष्मा वर करून विचारतात, "तात्पर्य?"

त्यांना शुगर आहे आणि गुडघे पार गेलेत. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिना जुना, पायऱ्या उंच. खाली बागेत सकाळी बायकांचा अड्डा जमतो, तिथे जायचं तर कठडा धरून एकेक पायरी आडवं उतरायचं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की एकदा तरी सरळ उतरता यावं. नांदेडला माझ्या आईचेही गुडघे तसेच. दोघी विहिणी रोज संध्याकाळी फोनवर आधी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करतात आणि वेळ उरला तर आमची.

* * *

तपासायला आलेल्या मालाला आमच्याकडे नमुना म्हणतात. तऱ्हेवाईक माणसालाही नमुनाच म्हणतात, मराठीतही आणि हिंदीतही. काउंटरवरच्या सुनीताजी इंटरकॉमवर सांगतात, "मॅडम, एक नमूना आया है." मग डबा आलाय की माणूस, हे बाहेर जाऊन बघावं लागतं. बहुतेक वेळा दोन्ही आलेले असतात.

एकदा मार्चमध्ये एक गृहस्थ व्हिटॅमिनच्या गोळ्यांची बाटली घेऊन आले. सुनीताजींनी नोंद करायला घेतली, पण कॉम्प्युटर काही केल्या नोंद घेईना. बाटलीवर उत्पादनाची तारीख मे महिन्याची होती. त्याच वर्षीच्या.

मी म्हटलं, "भाईसाहब, ये तो अभी बनी ही नहीं है."

ते जराही गडबडले नाहीत. "मॅडम, माल एकदम फ्रेश है."

* * *

माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आल्या होत्या. डब्यावर शाकाहारी मालाचा हिरवा ठिपका. माझं काम तेल तपासायचं, पण लेबलही वाचावं लागतं. कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो नोएडाहून बोलत होता, आवाज फार नम्र.

"डॉट गलत है," मी सांगितलं.

"मॅडम, गलती नहीं है. हरे डॉट से सर्च में ऊपर आता है."

"अहो, पण आत मासा आहे." रागाच्या भरात मी त्याच्याशी मराठीत बोलून गेले.

त्याला ते बरोब्बर कळलं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "मछली भी तो घास ही खाती है, मॅडम."

सासूबाईंनी या किश्शाचं तात्पर्य स्वतःच काढलं. म्हणाल्या, "या हिशेबाने बकराही शाकाहारी झाला. मग रविवारी आणायला हरकत नाही." विनयने आणला.

* * *

आमचे मोठे साहेब म्हणजे भाटिया सर. रिटायर व्हायला आलेत, आवाज कधी चढत नाही. माझ्या सहीवरून ते मला नेहमी चिडवतात. आमचे रिपोर्ट सगळे इंग्रजीत असतात आणि खाली माझी सही मराठीत: संध्या मेश्राम, पहिल्या स पासून शेवटच्या म पर्यंत एकसलग. शाळेत सासूबाईंसारख्याच एका बाईंनी घटवून घेतलेलं अक्षर आहे, ते का सोडायचं? अख्ख्या दिल्लीत पावडरीच्या रिपोर्टवर अशी सही करणारी मी एकटीच असेन, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा गर्वही होता.

माल तपासायला देणाऱ्या पार्ट्यांनाही ती आवडायची. एकाने तर सांगितलं होतं, "मॅडम, आपका हिंदी वाला साइन बहुत सच्चा लगता है."

भाटिया सर म्हणाले, "मेश्राम जी, साइन का भी टेस्ट करवा लीजिए. कहीं मिलावट ना हो."

* * *

पानिपतचे एक लालाजी होते. पिढीजात धंदा चादरी आणि ब्लँकेटचा. मग कुणीतरी सांगितलं की ऑनलाइन हेल्थमध्ये जास्त वाव आहे, म्हणून त्यांनी गुडघ्यांच्या पावडरीचा ब्रँड काढला. शंभर टक्के नैसर्गिक. आकाशी डबा, हिरवं झाकण. स्वतः गाडी चालवत आले, सगळ्यांसाठी पेठा आणला, काउंटरवर पिशवीतून डबा काढून सुनीताजींच्या हातात दिला.

सुनीताजी नोंद करणार तेवढ्यात लालाजींनी डबा उलटा करून बघितला आणि झटकन परत घेतला. पिशवीतून दुसरा काढला. दिसायला हुबेहूब तसाच, फक्त बुडाला मार्करने बारीक फुली.

"सॉरी मॅडम, वो नहीं, ये वाला," ते हसत म्हणाले. "वो तो बेचने वाला था."

आम्ही हसून हसून लोळायचे बाकी होतो. लालाजीही हसले, आपण विनोद केलाय असं वाटून.

मी भाटिया सरांकडे गेले. म्हटलं, हा माणूस उघड सांगतोय की विकायचा माल वेगळा आहे. सरांनी चहाचा घोट घेतला. "मेश्राम जी, हम डिब्बा जाँचते हैं, आदमी नहीं." आणि रिपोर्टच्या तळाशी छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं. प्रत्येक रिपोर्टवर ती असते, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. मराठीत सांगायचं तर, नमुना जसा मिळाला तसा तपासला.

फुलीवाला डबा तपासला. हळद, सुंठ, शल्लकी, सगळं लेबलप्रमाणे. भेसळ नाही, कुठलंही औषध मिसळलेलं नाही. एवढा स्वच्छ नमुना क्वचित येतो. मी सही केली.

हा किस्सा मी घरी दोनदा सांगितला, विनयच्या ऑफिसातली मंडळी जेवायला आली तेव्हा तिसऱ्यांदा. "बेचने वाला था" हे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं झालं. पोळी करपली की सासूबाई म्हणायच्या, "ही नको घेऊ, ही विकायची आहे."

* * *

झोप लागण्यासाठीच्या कॅप्सूल. लेबलवर अश्वगंधा आणि आणखी पाच मुळ्या. खाली लोकांचे अभिप्राय: पडल्या पडल्या झोप लागते, लहान बाळासारखी लागते. आम्ही तपासलं तर आत तांदळाचं पीठ. नुसतं तांदळाचं पीठ, निवडलेलं, स्वच्छ.

मी घरी हे सांगत असताना विनय वरणभात कालवत होता. शांतपणे म्हणाला, "मग अभिप्राय खोटे कशावरून? भात खाल्ल्यावर मला रोज झोप लागते."

आणि हात धुऊन झोपायला गेला.

* * *

गुरुग्रामच्याच एका मोठ्या सोसायटीतल्या जिमचा ट्रेनर आला होता. हातात बादलीएवढा काळा डबा, प्रोटीनचा. म्हणाला, सहा महिने पितोय, दंड होते तेवढेच आहेत, पोट मात्र वाढलंय. स्वतःच्या खिशातून टेस्ट करून घेणारं असं गिऱ्हाईक विरळाच, म्हणून मला त्याचं कौतुक वाटलं. निकाल आला: बराचसा स्टार्च, साखर, कोको आणि प्रोटीन नावापुरतं. मी त्याला बसवून सगळं समजावलं. त्याचा चेहरा पडला.

"अब क्लाइंट्स को क्या बोलूँ?"

"सच बोलिए," मी म्हटलं. "कंपनी को पकड़िए. डब्बा किससे लिया था?"

त्याने डबा फिरवून लेबल माझ्याकडे केलं. मग म्हणाला, "मॅडम, ये ब्रँड मेरा ही है."

या किश्शानंतर मात्र सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, मग साध्या माणसाने घ्यायचं तरी काय आणि कसं?" प्रश्न रास्त होता. त्या दिवशी पहिल्यांदाच तात्पर्य मी सांगितलं: डब्यावर चौकोनी कोड असतो, तो फोनवर स्कॅन करायचा. लॅबचा रिपोर्ट उघडला तर घ्यायचं, नाहीतर नाही. त्यांना फोन हातात देऊन शिकवलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, पायरी एक, पायरी दोन.

* * *

गेल्या महिन्यात एका सकाळी मी कॅबची वाट बघत खाली उभी होते आणि सासूबाई जिना उतरून आल्या. सरळ. कठडा न धरता. अड्ड्यावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, एका पंजाबी आंटींनी तर त्यांना मिठीच मारली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय घेताय?" मी विचारलं.

"पावडर आहे गुडघ्यांची. नीट बघून घेतलीय, तू सांगितलं तशी." घरात आल्या आल्या प्रत्येक वस्तू स्टीलच्या डब्यात ओतून ठेवायची त्यांना सवय. त्यांच्या खोलीत मेथी लिहिलेला एक डबा होता, त्यात ती होती. मी बघितला, वर्षानुवर्षं डोकं खपवल्याचं चीज झालं असं वाटलं, आणि ऑफिसला गेले.

दोन आठवड्यांत त्यांचे गाल भरले. शेजारीपाजारी म्हणायला लागले, आंटीजी की सेहत बन गई. मलाही आधी बरंच वाटलं. पण चेहरा गोल होत चालला होता, अगदी गोल, आणि शुगर कधी नव्हे इतकी वर गेली. गोळ्या त्याच, जेवण तेच. आपल्या धंद्यात जे दिसतं ते आपल्या घरात दिसायला वेळ लागतो. एका सकाळी मी मेथीच्या डब्यातली दोन चमचे पावडर पुडीत बांधून लॅबमध्ये नेली.

भाटिया सरांनी विचारलं, "किसका सॅम्पल है?"

म्हटलं, "घर का."

त्यांनी लगेच मशीन मोकळं करून दिलं. दुपारी निकाल आला. पावडरीत स्टेरॉइड होतं. डॉक्टर जे मोजून मापून, लक्ष ठेवून देतात ते, आणि शुगरच्या पेशंटला तर दहादा विचार करून. आणि इथे ते चमच्याने, न मोजता, सकाळ-संध्याकाळ. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, घाबरू नका, पण एकदम बंदही करू नका, तेही धोक्याचं असतं. आजच घेऊन या, हळूहळू कमी करू.

मी मेट्रोने घरी आले. सासूबाई गहू निवडत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर बसून, जमेल तितक्या सोप्या शब्दांत, सगळं सांगितलं. गुडघे बरे झाले नव्हते, फक्त दुखणं दाबलं होतं. त्यांनी वर्गात एखाद्या मुलाचं चुकलेलं उत्तर ऐकावं तसं शांतपणे ऐकून घेतलं.

"शक्य नाही," त्या म्हणाल्या. "मी रिपोर्ट बघितलाय."

"रिपोर्ट खोटा असेल, आई. कुणाचाही छापतात."

त्या उठल्या, कठडा नसतानाही सरळ चालत खोलीत गेल्या आणि पलंगाखालून रिकामा डबा घेऊन आल्या. आकाशी डबा, हिरवं झाकण.

मी डबा उलटा केला. बुडाला फुली नव्हती.

त्यांनी चष्मा लावला, वहीत लिहिल्याप्रमाणे पायरी एक, पायरी दोन करत कोड स्कॅन केला आणि फोन माझ्यासमोर धरला. रिपोर्ट खोटा नव्हता. नंबर आमचा, शिक्का आमचा. तळाला मुंगीएवढ्या अक्षरातली ती ओळही होती. त्यांनी तिच्या खाली, सहीवर बोट ठेवलं.

"हे अक्षर खोटं असेल का? म्हणून तर दोन डबे मागवले. दुसरा तुझ्या आईला पाठवला, नांदेडला. तिला म्हटलं, विहीणबाई, डोळे झाकून घ्या, आपल्या संध्याची सही आहे."