पंपवाल्या भिकूची विहीर

खाणीवरचे आम्ही चार जण भेटलो की गप्पा फिरून फिरून खाणीवरच येतात. डोंगर संपला, किस्से तेवढे शिल्लक! सुरुवात नेहमी हसण्याने होते.

*

गोव्यातल्या डिचोलीकडच्या आमच्या लोखंडाच्या खाणीवर तेव्हा सोनं सापडल्यासारखी झुंबड होती. सावंतवाडी, बेळगाव, कुठून कुठून माणसं आली. शॉवेल, म्हणजे खनिज उपसायचं मोठं यंत्र, चालवायला आलेला कोल्हापूरचा पाटील पहिल्या दिवशी पांढराशुभ्र शर्ट घालून कामावर गेला. संध्याकाळी त्याला बघून घरमालकीण किंचाळली, "तुका कोणें मारलो रे?" नुसती लाल धूळ होती! पाटलाने पुन्हा पांढरा शर्ट घेतला नाही.

*

गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, हा वाद पेटला तेव्हा कँटीनमध्ये मराठीवाल्यांचं टेबल वेगळं, कोंकणीवाल्यांचं वेगळं. आमचा पंप ऑपरेटर भिकू, खाणीलगतच्या मुळगावचा, कट्टर मराठीवाला. टेबलावर मूठ आपटून गरजला, "मराठी म्हजी आवय! हांव तिचे खातीर जीव दितलों!"

मराठीला आई म्हटलं, तेही कोंकणीतून! दोन्ही टेबलं खो खो हसली. भिकूही हसला.

*

खाणीच्या तळाला झिरपणारं पाणी उपसून बाहेर ओढ्यात सोडायचं, हे भिकूचं काम. खाण खोल जाईल तसा पंप जास्त चालायचा आणि गावातल्या विहिरींचं पाणी खाणीकडे झिरपायचं. एका उन्हाळ्यात त्याच्या स्वतःच्या घरची विहीर आटली. भिकू ते सांगायला खाणीच्या साहेबांकडे गेला.

साहेब म्हणाले, "मग पंप बंद कर आणि घरी बस!"

घरात पाच तोंडं खाणारी. भिकू परत आला आणि त्याने पंप चालू केला. मला त्याच्याकडे बघवेना.

*

मग कंपनीने गावाला टँकर दिला. तो भरायचा कुठे? भिकूच्याच पंपावर! भिकूच्या बायकोने कळशीत डोकावून विचारलं, "खंयचें हें उदक?"

"आमच्याच बांयचें," भिकू आटलेल्या विहिरीकडे बोट दाखवत म्हणाला. "भोंवूंक गेल्लें, गाडयेन परत आयलें!"

ती हसली नाही.

*

गोवा घटकराज्य झालं तेव्हा खाणीवर पेढे वाटले. पेढा हातात धरून भिकूने विचारलं, "आतां आमचें राज्य. बांयत उदक येतलें मरे?" सगळे पेढा खाण्यात गुंतले.

*

डोंगरावर राखणदाराचा, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाचा, दगड होता. खणत खणत आम्ही तिथवर पोचलो. पाटील शॉवेलवरून खाली उतरला. "आधी देवाला विचारा, मगच मी हात लावणार!"

गाऱ्हाणं घालायचा मान भिकूच्या घराण्याचा. तो देवाला सांगणार आणि दर वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं, ही रीत. साहेबांनी बजावलं, "दगड हलवायची परवानगी माग. जास्त बोलू नकोस!"

भिकू नारळ घेऊन उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकरांची चूक पोटांत घाल!"

"व्हय म्हाराजा!"

"हांच्या गाडयांक, मशिनींक सांबाळ!"

"व्हय म्हाराजा!"

भिकूने नारळ दगडापुढे ठेवला. "हांगा राखपाक आतां कांयच उरूंक ना. तूं वच, म्हाराजा! परत येव नाका!"

भिकूने देवालाच गाव सोडून जायला सांगितलं, आणि सवयीने आम्ही सगळे, साहेबांसकट, एका सुरात ओरडलो, "व्हय म्हाराजा!"